एकक : नग
कंपन्यांच्या खरेदी विभागप्रमुखांना एका स्वतंत्र जनसंपर्क सल्लागाराचे खुले पत्र

प्रति,
जनसंपर्काचे काम बाहेरच्या सल्लागारांकडून करून घेणाऱ्या कंपन्यांचे खरेदी, वित्त आणि संज्ञापन विभागप्रमुख यांस,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात मला एका कंपनीकडून मेल आला. या कंपनीचे काम मी चार वर्षे करते आहे. तिचे नाव इथे लिहिण्याची गरज नाही, कारण याच धर्तीचे मेल माझ्या व्यवसायातील अनेकांना निरनिराळ्या कंपन्यांकडून आलेले आहेत. यापुढे सर्व पुरवठादारांची नोंदणी नव्या पोर्टलवर होईल, जुने करार ठरलेल्या तारखेला संपतील आणि ज्यांना काम चालू ठेवायचे आहे त्यांनी नवी नियमावली मान्य करून आपले दर भरावेत, असे त्यात कळवले होते. मी पोर्टल उघडले. सेवेच्या नावापुढे 'जनसंपर्क सल्ला' असे आधीच भरलेले होते. त्याच्या शेजारी 'एकक' असा रकाना होता आणि त्यात चार पर्याय होते : नग, किलो, लिटर, मीटर. रकाना रिकामा ठेवला की पान पुढे सरकत नव्हते. मदतकक्षाला फोन केला तेव्हा पलीकडच्या तरुणाने अगदी सौजन्याने सांगितले, "मॅडम, नग टाका, सगळे तेच टाकतात."

त्या वेळी मला हसू आले. नंतर नियमावली वाचली आणि लक्षात आले की त्या तरुणाचे काही चुकले नव्हते. नियमावलीतले प्रत्येक कलम 'नग' या शब्दाला जागूनच लिहिलेले होते.

मी कोण आणि माझा यात काय संबंध, हे आधी सांगायला हवे. मी नऊ वर्षे वृत्तपत्रात उपसंपादक होते, त्यानंतर चार वर्षे एका मोठ्या जनसंपर्क संस्थेत नोकरी केली आणि गेली अकरा वर्षे स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करते आहे. माझ्याकडे एक सहकारी पगारावर आहे. हिशेब पाहणारे आणि मांडणी करणारे गरजेनुसार येतात. एका वेळी मी पाचांपेक्षा जास्त ग्राहक घेत नाही, कारण त्यापुढे प्रत्येकाचा फोन स्वतः उचलणे शक्य होत नाही. मोठी संस्था सोडण्याचे माझे कारणही तेच होते. तिथे सादरीकरणाला ज्येष्ठ मंडळी जात आणि काम मिळाले की ते नुकत्याच रुजू झालेल्या शिकाऊ मुलांच्या हाती येई. ग्राहकाला ज्याने शब्द दिला त्यानेच काम करावे, एवढ्या साध्या हट्टापायी मी बाहेर पडले. दुसरेही एक कारण होते, आणि या पत्राच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे : ग्राहक चुकत असेल तर त्याला तसे तोंडावर सांगता यावे, आणि तरीही त्याने ऐकले नाही तर ते काम सोडता यावे, एवढी मोकळीक मला हवी होती.

स्वतंत्र सल्लागाराकडे आपल्याला देण्यासारख्या दोनच गोष्टी असतात. एक, बातमीदाराने आमचा फोन उचलावा आणि आम्ही सांगितलेली माहिती खरी धरून पुढच्या चौकशीला लागावे, इतका वर्षानुवर्षे जमवलेला विश्वास. आणि दुसरी, आपल्याला 'नाही' म्हणण्याची ही मोकळीक. आपल्या नव्या अटी या दोन्ही गोष्टी आमच्याकडून काढून घेतात, आणि मग त्याच गोष्टींसाठी दर मागतात. माझी तक्रार एवढीच आहे. पुढे लिहिलेले सारे तिचे तपशील आहेत.

पहिली तक्रार फुकटच्या आराखड्याची. काम मिळावे म्हणून स्पर्धेत उतरणाऱ्या सल्लागाराने संपूर्ण वर्षाचा आराखडा, संकटकाळात काय करायचे याची योजना, तीन नमुना प्रसिद्धीपत्रके आणि 'संपर्कातील पत्रकारांची दूरध्वनी क्रमांकांसह यादी' सादर करावी, असे नियमावली सांगते. या सादरीकरणाचा कोणताही मोबदला मिळणार नाही आणि सादर केलेले सर्व साहित्य कंपनीच्या मालकीचे होईल, असेही तिच्यात लिहिलेले आहे. मला दहा ते बारा दिवस लागतील एवढे हे काम आहे. मोठ्या संस्थेत ते करायला स्वतंत्र माणसे असतात आणि त्यांचा पगार इतर ग्राहकांच्या बिलांतून निघतो. माझ्याकडे ते दिवस ज्यांनी पैसे दिलेले आहेत अशा ग्राहकांच्या कामातूनच काढावे लागतात; म्हणजे आपल्या फुकट सादरीकरणाची किंमत माझा दुसरा ग्राहक मोजतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत मी भाग घेतला होता. काम मिळाले नाही, त्याचे काही नाही. ते होतच असते. पण सहा महिन्यांनी त्या कंपनीची मोहीम बाहेर आली तेव्हा माझ्या आराखड्यातले तिसरे प्रकरण तिच्यात उपशीर्षकासह उतरले होते. मी विचारणा केली, तेव्हा 'अशा कल्पना सर्वांनाच सुचतात' असे उत्तर मिळाले. कल्पना सुचत असतील. उपशीर्षके सुचत नाहीत.

पत्रकारांच्या यादीबद्दल तर मी अधिक कडक शब्दांत लिहायला हवे. ते क्रमांक माझे नाहीत. ते त्या माणसांनी मला दिलेले आहेत, एका विशिष्ट कामासाठी आणि माझ्या ओळखीवर. कोणत्याही डॉक्टरकडून आपण काम देण्याआधी त्यांच्या रुग्णांची यादी मागणार नाही.

दुसरी तक्रार बातमीच्या हमीची. दरमहा किमान अमुक इतक्या बातम्या 'प्रकाशित करून देणे' सल्लागारावर बंधनकारक राहील आणि कमी पडलेल्या प्रत्येक बातमीमागे मानधनातून कपात होईल, असे एक कलम आहे. इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण हे कलम लिहिणाऱ्यांना बातमी कशी होते याचीच कल्पना नसावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

बातमी छापायची की नाही हे संपादकीय विभाग ठरवतो. सल्लागार फक्त तीन गोष्टी करू शकतो : कंपनीकडे खरोखर सांगण्यासारखे काय आहे ते शोधून काढणे, ते ज्या बातमीदाराच्या विषयात बसते त्याच्यापर्यंत वेळेवर पोचवणे, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे मिळवून देणे. यापुढे जाऊन जो 'हमी' देतो त्याच्याकडे दोनच मार्ग उरतात. एक तर तो जागा विकत घेतो आणि जाहिरातीला बातमीचे कपडे चढवतो, किंवा जिथे काहीही पाठवले तरी जसेच्या तसे चढवले जाते अशा संकेतस्थळांवर आपले प्रसिद्धीपत्रक टाकून त्यांची मोजणी आपल्यासमोर ठेवतो. पहिल्यात फसवणूक वाचकाची होते, दुसऱ्यात आपली.

ही गोष्ट नवी नाही. आधुनिक जनसंपर्काच्या आरंभीचे एक नाव म्हणजे अमेरिकेतील आयव्ही ली. कोळसा खाणींच्या मालकांच्या बाजूने काम करताना त्यांनी १९०६ साली वृत्तपत्रांच्या संपादकांना आपल्या कामाच्या तत्त्वांचे एक निवेदन पाठवले. आमचे काम उघडपणे चालते, आम्ही बातमी पुरवतो, ही जाहिरात संस्था नाही, आणि आमचा मजकूर आपल्या जाहिरात विभागाकडे जायला हवा असे आपल्याला वाटले तर तो वापरू नका, असा त्या निवेदनाचा आशय होता. त्याच वर्षी अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला तेव्हा त्यांनी पेनसिल्व्हेनिया रेल्वेला माहिती दडवू न देता बातमीदारांना अपघाताच्या जागी नेण्यास राजी केले. (आयव्ही ली यांची पुढची कारकीर्द मी कोणाला आदर्श म्हणून सांगणार नाही. नाझी राजवटीखालील जर्मनीतील आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीसाठी केलेल्या कामाबद्दल त्यांना १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे उत्तरे द्यावी लागली. 'नाही' म्हणायला हवे होते तिथे न म्हटल्याचे ते उदाहरण आहे.) आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेने १९६१ मध्ये व्हेनिस येथे स्वीकारलेल्या आचारसंहितेत तर स्पष्ट म्हटले होते की, ठरावीक निष्पत्ती साधल्यावरच मोबदला मिळेल असा प्रस्ताव सदस्याने ग्राहकापुढे ठेवू नये आणि तसा करारही करू नये. म्हणजे आपण ज्या कलमावर माझी सही मागता, ते या व्यवसायाने साठ वर्षांहून अधिक काळापूर्वी गैर ठरवलेले आहे.

या कलमाचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो, हे एका प्रसंगावरून सांगते. एका ग्राहकाच्या कारखान्यात नवी यंत्रणा बसवली होती आणि व्यवस्थापकीय संचालकांना मोठी पत्रकार परिषद हवी होती. त्याच आठवड्यात त्याच कारखान्यातील कंत्राटी कामगारांच्या थकीत वेतनाचा वाद चालू होता. परिषद घेऊ नका, आधी वेतनाचा प्रश्न सोडवा, महिनाभराने मी स्वतः बातमीदारांना यंत्रणा दाखवायला घेऊन येईन, असा सल्ला मी दिला. त्यांनी तो ऐकला. त्या महिन्यात त्यांची एकही बातमी आली नाही, आणि अकरा वर्षांत मी केलेल्या उत्तम कामांपैकी ते एक काम होते. आपल्या नियमावलीप्रमाणे त्या महिन्याचे माझे मानधन शून्य झाले असते. पुढच्या महिन्यात असा सल्ला देताना माझी जीभ अडखळली असती, आणि त्यानंतरच्या महिन्यात मी परिषद भरवली असती.

तिसरी तक्रार मोजमापाची आहे. बातमीने व्यापलेली जागा मोजायची, तेवढ्याच जागेच्या जाहिरातीचा दर तिला लावायचा आणि येणाऱ्या आकड्याला 'जनसंपर्कातून मिळालेले मूल्य' म्हणायचे, ही पद्धत आपल्या मासिक अहवालाच्या नमुन्यात सक्तीची केलेली आहे. शिवाय त्या आकड्याला तीनने गुणावे, कारण बातमी जाहिरातीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते, अशी सूचना आहे. तीननेच का, चारने किंवा अडीचने का नाही, याचे उत्तर कोणाकडेही नाही. या पद्धतीत कंपनीवर कडाडून टीका करणारा अर्ध्या पानाचा लेख हा दोन परिच्छेदांच्या चांगल्या बातमीपेक्षा कितीतरी मूल्यवान ठरतो. संज्ञापनाच्या मापनाचे काम करणाऱ्या 'एमेक' या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये बार्सिलोना येथील परिषदेत सात तत्त्वे मांडली आणि जाहिरातीच्या दराशी केलेली ही तुलना म्हणजे जनसंपर्काचे मूल्य नव्हे, असे त्यांत निःसंदिग्धपणे म्हटले. २०१५ आणि २०२० मध्ये तत्त्वांची उजळणी झाली तरी ही भूमिका बदलली नाही. दर महिन्याला दोन दिवस खर्चून मी एक असा आकडा तयार करते, ज्यावर माझा विश्वास नाही, आपल्या संज्ञापन विभागाचा नाही, आणि मला वाटते आपल्या वित्त विभागाचाही नसावा. पण तक्त्यात तो रकाना आहे.

चौथी तक्रार पैशांची आहे, आणि ती मांडताना मला संकोच वाटतो, कारण सल्ल्याचे काम करणाऱ्याने पैशाविषयी बोलू नये असा एक समज आमच्याच व्यवसायात रुजलेला आहे. देयकाची मुदत साठ दिवसांवरून एकशे वीस दिवसांवर नेण्यात आली आहे. हे दिवस बिल दिल्यापासून मोजायचे नसून बिल 'मंजूर झाल्यापासून' मोजायचे आहेत. बिल मंजूर होण्यासाठी खरेदी आदेशाचा क्रमांक लागतो. तो क्रमांक आपला विभाग काम सुरू झाल्यावर सहा-सात आठवड्यांनी देतो. क्रमांक आल्यावर काढलेले बिल माझ्या पत्त्यातील एक स्वल्पविराम नोंदणीशी जुळत नाही म्हणून परत येते, आणि दुरुस्त करून पाठवले की नव्या बिलाची नवी तारीख धरली जाते. मागच्या वर्षी एका महिन्याच्या कामाचे पैसे मला त्या कामानंतर सात महिन्यांनी मिळाले. त्या सात महिन्यांत माझ्या सहकाऱ्याचा पगार दर महिन्याच्या एक तारखेला झाला, बातम्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सेवेचे शुल्क आगाऊ गेले, आणि न मिळालेल्या रकमेवरचा करही मी बिलाच्या तारखेप्रमाणे भरला.

याचा सरळ अर्थ असा की, दोन माणसांचे कार्यालय हजारो माणसांच्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देते. बँकेने माझ्याकडून कर्जावर व्याज घेतले. मी आपल्याकडून घेतले नाही, कारण व्याज मागणाऱ्या सल्लागाराला पुढच्या वर्षी बोलावले जात नाही. उशीर करणाऱ्यांना हे परवडते ते याचमुळे. जगात इतरत्र याचा विचार झालेला आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाने सार्वजनिक संस्थांसाठी साधारणपणे तीस दिवसांची आणि कंपन्यांमधील व्यवहारांसाठी, दोन्ही पक्षांत स्पष्टपणे वेगळे ठरले नसल्यास, साठ दिवसांची मर्यादा घातली, आणि वेगळे ठरले तरी ते धनकोवर उघड अन्याय करणारे नसावे अशी अट जोडली. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार ८०० डॉलर किंवा त्याहून अधिक मोलाचे काम स्वतंत्र व्यावसायिकाकडून करून घेताना लेखी करार करावा लागतो, आणि करारात तारीख नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. आपण जिथे काम करता तिथे असा कायदा असेल किंवा नसेल, पण एकशे वीस दिवसांचे समर्थन 'बाजारात असेच चालते' असे करू नये, एवढे तरी मी म्हणू शकते.

पैशाचा आणि सल्ल्याच्या गुणवत्तेचा संबंध काय, असे आपण विचाराल. ज्या ग्राहकाकडे चार महिन्यांचे पैसे अडकलेले आहेत त्याला 'हे निवेदन खोटे आहे, मी ते पाठवणार नाही' असे सांगण्याची किंमत काय असते, ते मला ठाऊक आहे. मी ते एकदा सांगितले आहे. उरलेले पैसे अद्याप आलेले नाहीत.

पाचवी तक्रार थोडक्यात. कामातून उद्भवणाऱ्या कोणत्याही नुकसानीची अमर्याद भरपाई सल्लागाराने द्यावी, कंपनी एका दिवसाच्या सूचनेने करार संपवू शकेल पण सल्लागाराला नव्वद दिवसांची सूचना द्यावी लागेल, आणि करार संपल्यावर दोन वर्षे त्याच उद्योगातील दुसऱ्या कोणाचे काम करता येणार नाही, ही कलमे माल पुरवणाऱ्या मोठ्या कारखान्यांसाठी लिहिलेल्या मसुद्यातून उचललेली दिसतात. एका क्षेत्रात अकरा वर्षे घालवून जे ज्ञान मिळवले, त्यासाठीच आपण मला बोलावता, आणि मग ते वापरण्याची मला दोन वर्षे बंदी करता.

शेवटची तक्रार नियमावलीत शोधून सापडणार नाही, पण साऱ्या नियमावलीचा तो परिणाम आहे. सल्ला ही खरेदीची वस्तू ठरली की सल्लागार निर्णय घेणाऱ्यांच्या खोलीबाहेर राहतो. त्याला निर्णय झाल्यावर बोलावले जाते, बहुधा संध्याकाळी उशिरा, आणि सांगितले जाते की अमुक घडले आहे, उद्या सकाळी हे छापून येता कामा नये. मला असे फोन आलेले आहेत. तोवर काय घडले हे कंपनीतही कोणाला नीट माहीत नसते, ज्याला माहीत असते तो वकिलांच्या सल्ल्यावरून बोलत नसतो, आणि बातमीदाराकडे मात्र अर्धी कागदपत्रे पोचलेली असतात.

आमच्या व्यवसायात टायलेनॉल या वेदनाशामक गोळ्यांच्या १९८२ च्या प्रकरणाचा दाखला इतक्या वेळा दिला जातो की तो ऐकून कंटाळा यावा. तरीही तो देते, कारण त्यातला मुद्दा बहुधा उलटा समजला जातो. शिकागो परिसरात सायनाइड मिसळलेल्या गोळ्यांमुळे सात जण मृत्युमुखी पडले. त्या गोळ्या बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या परत मागवल्या, त्यासाठी दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च सोसला आणि काही आठवड्यांतच छेडछाड झाल्यास लगेच कळेल अशा तिहेरी बंदोबस्ताच्या वेष्टनात गोळ्या पुन्हा बाजारात आणल्या. लोक याला प्रसिद्धीतले यश म्हणतात. प्रत्यक्षात ते आधी निर्णयातले यश होते. माल परत घेण्याचा निर्णय झाला म्हणून सांगण्यासारखे काही होते. ज्या खोलीत तो निर्णय होतो तिथे लोकांना काय वाटेल हे सांगणारे कोणीतरी बसलेले असावे लागते. जे घडले ते शब्दांनी झाकून द्या, असे सांगण्यासाठी बोलावलेला माणूस त्या खोलीत नसतो, आणि नगावर दर भरून निवडलेला तर नसतोच.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. लंडनची बेल पॉटिंजर ही नावाजलेली संस्था ग्राहक म्हणेल तिथपर्यंत गेली, दक्षिण आफ्रिकेत वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवल्याचे तिच्यावर सिद्ध झाले, सप्टेंबर २०१७ मध्ये व्यवसायाच्या संघटनेने तिला काढून टाकले आणि काही दिवसांतच ती संस्था बुडाली. ग्राहकाला 'नाही' न म्हणणारा सल्लागार शेवटी ग्राहकाच्याही उपयोगाचा राहत नाही, हे यातून खरेदी विभागाने टिपून ठेवायला हरकत नाही.

आता आमच्या बाजूचे दोषही मान्य करते. ते लपवून हे पत्र लिहिणे बरे दिसणार नाही. बातमीची हमी देणारे लोक आमच्यातच आहेत आणि त्यांच्यामुळेच आपल्याला ती मागता येते. एकच प्रसिद्धीपत्रक तीनशे पत्त्यांवर पाठवून त्याला 'माध्यम संपर्क' म्हणणारे आहेत. ग्राहकाकडून दरमहा ठरलेले मानधन घेऊन महिन्यातून एक कात्रण पाठवणारेही आहेत, आणि त्यांच्या अनुभवाने पोळलेल्या वित्त विभागाने प्रत्येक रुपयाचा हिशेब मागितला तर त्याला मी दोष देणार नाही. हिशेब जरूर मागा. मी दर आठवड्याला कोणते काम किती तास केले, कोणाशी काय बोलणे झाले, कोणता सल्ला दिला आणि तो ऐकला गेला की नाही, हे लिहून द्यायला तयार आहे; माझ्या सध्याच्या ग्राहकांना मी ते देतेच. माझा आक्षेप हिशेबाला नाही, चुकीच्या वस्तूच्या हिशेबाला आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत :

१. स्पर्धेला तीनपेक्षा अधिक सल्लागारांना बोलावू नये. पहिल्या फेरीत फक्त पूर्वीचे काम आणि तासाभराची भेट एवढ्यावर निवड करावी. त्यापुढे आराखडा हवा असेल तर त्याचे आधी ठरवलेले मानधन द्यावे, आणि काम न दिल्यास आराखडा सल्लागाराच्याच मालकीचा राहावा.

२. पत्रकारांच्या संपर्कांची यादी कोणत्याही टप्प्यावर मागू नये.

३. बातम्यांच्या संख्येची हमी आणि त्यावर आधारलेली कपात ही कलमे काढून टाकावीत. जाहिरातीच्या दराशी तुलना करणारा रकाना अहवालातून वगळावा. त्याऐवजी वर्षाच्या आरंभी दोघांनी मिळून दोन-तीन उद्दिष्टे लिहून ठेवावीत, कोणापर्यंत काय पोचायला हवे आणि ते पोचले हे कशावरून कळेल, आणि दर तीन महिन्यांनी त्यांवर समोरासमोर बसून बोलावे.

४. बिल मिळाल्याच्या तारखेपासून तीस दिवसांत पैसे द्यावेत. खरेदी आदेशाचा क्रमांक काम सुरू होण्याआधी द्यावा. बिलात चूक असेल तर ती पाच दिवसांत कळवावी आणि दुरुस्तीनंतरही मूळ तारीखच धरावी. उशीर झाल्यास व्याज आपोआप जोडले जावे, ते मागण्याची वेळ आमच्यावर आणू नये.

५. भरपाईची जबाबदारी वर्षभराच्या मानधनाइतकी मर्यादित असावी, करार संपवण्याची मुदत दोन्ही बाजूंना सारखी असावी, आणि करारानंतरची बंदी गोपनीय माहितीपुरती असावी, क्षेत्रापुरती नव्हे.

६. सल्लागाराला निर्णय घेणाऱ्या एका तरी वरिष्ठ व्यक्तीशी थेट बोलता यावे. खोटे किंवा दिशाभूल करणारे निवेदन पाठवण्यास नकार दिल्याबद्दल पैसे रोखले जाणार नाहीत, असे एक वाक्य करारात असावे. सगळ्या मागण्यांतली एकच मान्य होणार असेल तर मी ही निवडेन.

या मागण्या मान्य करण्यासाठी आपल्याला अंदाजपत्रकात फारशी वाढ करावी लागणार नाही. चौथी मागणी सोडली तर बाकी साऱ्या मसुद्यातल्या दुरुस्त्या आहेत, आणि चौथीतही आपण आम्हाला वेगळे काही देणार नाही. आमचेच आमच्याकडे वेळेवर येईल.

माझ्यासारख्या लहान सल्लागारांनाही याच पत्रातून एक विनंती करते. 'सगळे तेच टाकतात' हे त्या तरुणाचे वाक्य खोटे नव्हते. आपण प्रत्येकाने वेगवेगळे आणि मुकाट्याने 'नग' टाकला, म्हणून पाचवा पर्याय घालण्याची गरज कोणाला वाटली नाही. अटी मान्य नसतील तर तसे लेखी कळवा, आणि एकमेकांनाही कळवा.

माझा अर्ज पोर्टलवर अर्धवट पडून आहे. मुदत संपायला नऊ दिवस आहेत. त्या कंपनीच्या संज्ञापन विभागातील ज्या बाईंबरोबर मी चार वर्षे काम केले त्यांचा काल फोन आला होता. पोर्टल त्यांच्या हातात नाही आणि त्यांना याचे वाईट वाटते, असे त्या म्हणाल्या. मी त्यांना हे पत्र प्रसिद्ध करण्यापूर्वी वाचून दाखवले. सहाव्या मागणीपाशी त्यांनी मला थांबवले आणि ती पुन्हा वाचायला सांगितली.

एकक या रकान्यापुढे मी काहीही निवडलेले नाही. आपल्या उत्तराची वाट पाहते आहे.

आपली विश्वासू,
एक स्वतंत्र जनसंपर्क सल्लागार